सीटवरचं ज्वारीचं पोतं

देवपुरात पितांबर मिस्त्रींच्या गॅरेजात जुनी अँबॅसिडर आली की दोन म्हातारे कामाला लागत. पितांबर गाडीखाली शिरायचे आणि त्यांचे दोस्त झुलालआबा ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे. बसणं, एवढंच आबांचं काम. पण ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

तसं कारणही होतं. या गाडीचं पुढचं धूड दोन्ही बाजूंच्या लोखंडी बारच्या पिळावर तोललेलं असतं. वय झालं की बार थकतो, गाडी नाक खाली घालते. मग बार सोडवून त्याच्या टोकाच्या दात्यांतला एखादा दात पुढे सरकवून पुन्हा बसवायचा, गाडी जमिनीवर आणायची, बंपर दाबून हलवायची आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची मोजायची. मात्र चालवणारा आत बसलेला हवा. "रिकामी गाडी खोटं बोलस," असं पितांबर म्हणायचे. आबा भरभक्कम गडी. दिवसभर जिनिंगमध्ये कापूस जोखायचे आणि संध्याकाळी इथे येऊन स्वतःला जोखून घ्यायचे. बसल्या बसल्या तंबाखू मळत साऱ्या देवपूरची खबरबात. गाडीखाली पितांबरांना नुसता तो आवाज ऐकू यायचा, आणि त्याच्याशिवाय त्यांचा हात चालायचा नाही.

गेल्या वर्षी आबा आजारी पडले आणि सोनगीरला लेकीकडे, कोकिळाकडे राहायला गेले. इतके वाळले की सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. त्यांना भेटून आल्यावर पितांबरांना घास गोड लागेना.

परवा दोंडाईच्याचे प्रेमराजशेठ वडिलांची अँबॅसिडर घेऊन आले. लेकीची, समीक्षाची पाठवणी याच गाडीतून करायची त्यांना हौस, आणि गाडी तर उजवीकडे खाली दबलेली. पितांबरांनी बार एक दात पुढे बसवला, गाडी खाली उतरवली आणि सवयीने हाक मारली, "बठ रे झुलाल!"

सीट रिकामीच होती. मग शेजारच्या चक्कीतून ज्वारीचं पोतं आणून त्यांनी सीटवर टेकवलं. लाज वाटली, पण शेठचं काम अडवून कसं चालेल?

ते मोजायला वाकले, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. काठी टेकत आबा उतरले. कोकिळाला दवाखान्याचं निमित्त सांगून आले होते. त्यांची नजर थेट सीटवर गेली.

"मनी जागावर जवारी बठाडी?"

पितांबरांनी पोतं ओढून काढलं आणि आबांना हाताला धरून आत बसवलं. गाडी जेमतेम हलली. मोजलं तर उजवी बाजू अजून वरच; ती दबायला आबांचं वजन पुरत नव्हतं.

"बराबर शे," पितांबर जमिनीकडे बघत म्हणाले.

आबांचा सगळा जन्म काट्यापाशी गेलेला. ते म्हणाले, "गाडी खोटं बोलस ते बोलू दे. तू नको बोलू. ते पोतं आन. अर्धं वत, अर्धं मना मांडीवर ठेव. मी शे ना आजून."

पितांबरांनी अर्धी ज्वारी घमेल्यात ओतली आणि उरलेलं पोतं जपून आबांच्या मांडीवर ठेवलं. बंपर दाबला. गाडी हलून स्थिर झाली, दोन्हीकडची उंची सारखी भरली.

"व्हयनं का काम?" आबांनी विचारलं.

"व्हयनं."

गाडीखाली आता काहीच काम उरलं नव्हतं. तरी पितांबर डोळे पुसत पुन्हा आत सरकले आणि उताणे पडून राहिले. वर सीट करकरली, आणि आवाज आला, "आयक, कोकिळानी सासूनं काय करं, माहीत शे का?"