रोवणीच्या दिवसांतली सुई

आमच्याकडे नव्या लागलेल्या नर्स मुलींच्या हाताशी सुई कापायचं यंत्र असतं, रंगीत पिशव्या असतात, भिंतीवर सूचनांचा तक्ता असतो. त्या सगळं नीट करतात, माझं बोलणंही ऐकून घेतात. मला मात्र भाताची रोवणी सुरू झाली की अड्याळकडचं माझं पहिलं आरोग्य केंद्र आठवतं आणि अंगठा आपोआप डाव्या हाताचं बोट चोळू लागतो.

रोवणीत बायका एकेकट्या येत नसत. भाताच्या बांधीतल्या चिखलात कुणाच्या पायात काटा मोडलेला, कुणाला काच लागलेली. शेतावर जाताना ट्रॅक्टरची सगळी ट्रॉलीच धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दारात थांबायची. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, दंड पुढे, तोंड चालू. मी चिडायची, त्या हसायच्या. त्या गलक्याची मला अजून आठवण येते.

त्या सकाळी एका म्हातारीच्या दंडातून सुई काढते न काढते तोच ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबला. ट्रॉली सुटेल म्हणून तिनं हात हिसडला आणि तीच सुई माझ्या बोटात शिरली. तिला कळलंही नाही. ती जाऊन ट्रॉलीत बसली.

मी नळाखाली बोट धरलं. डॉक्टरांनी एचआयव्ही लागू नये म्हणून लगेच गोळ्या सुरू केल्या. म्हातारीचं रक्त तपासून होईपर्यंत बाळाला अंगावर पाजू नका, असंही सांगितलं. माझा मुलगा तेव्हा धड पालथाही पडत नव्हता. केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये माझी आई त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजायला बघायची आणि तो ते थुंकून द्यायचा. त्याचं रडणं मला कामाच्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. पोलकं ओलं झालं होतं. त्या ट्रॅक्टरवाल्याला मी मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. भीती सुईची नव्हतीच. मी माझ्या हातानं लेकराला रोग पाजेन, याची होती.

गावातल्या आशाताई तिला तपासणीला बोलवायला बांधीवर जाऊन आल्या. म्हातारी नाही म्हणाली होती. रक्त तपासलं की गावभर बोभाटा होतो, मला काय झालंय, असं तिचं म्हणणं. चुकीचं नव्हतं ते. पण मी खचले.

दुपारी ती एकटीच चालत आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आशाताईंनी निघताना बाळाचं सांगितलं होतं म्हणे. तिनं कसली तपासणी ते विचारलं नाही. माझ्यासमोर दंड धरला.

"पोराले पाजलं नाही म्हन्ते तू? घे, पाह्यजे तेवढं रगत घे."

रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि मी क्वार्टरकडे धावले. ती मागोमाग आली. कुणी मध्ये येऊ नये म्हणून माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसली. मुलगा घटाघटा पीत होता, मी रडत होते, आणि दोन्ही तिला ऐकू येत होतं.

तो झोपल्यावर ती उठली. मी म्हटलं, आजी, तुमची रोवणी माझ्यापायी राहिली.

"पोर भुकं रडून रायलं माईत झालं," ती म्हणाली, "मंग बांधीत हातच चालेना माहा."