हिरव्या भिंतीनं माना टाकल्या, ती दुपार

आधीच सांगते – मी लिंबू-मिरची बांधणाऱ्यातली नाही. कुणी दाराला बांधली तर काढून फेकते. तरी हे लिहितेय, कारण घरात अजून भांडण चालू आहे.

आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटला राहतो. नवरा जवळच्या भरवेलीच्या खाणीत कामाला. मधल्या खोलीत खिडकीजवळ मी जाळी ठोकून, कापडी खिसे टांगून हिरवी भिंत केलीय. पहिली झाडं मेली. मग शिकले – वर कमी पाण्यावर जगणारं मनी प्लांट, खाली पाणी झिरपतं तिथं फर्न, मागे जाड प्लास्टिक म्हणजे भिंतीला ओल नाही. सासूबाईंची खाट तिथंच.

दिवाळी नुकतीच झालेली. दुपारी खोलीत आले, तर सगळ्या झाडांनी माना टाकलेल्या! सकाळी टवटवीत होती... खिशात बोट घातलं. माती ओली, गार. मुळं बघायला जाळी उतरवावी लागणार, म्हणून सासूबाईंना उठवलं.

"काहून उठवून राह्यली मले? आत्ताच डोळा लागलता."

"आई, खाट सरकवायची आहे. झाडं मरून राह्यली."

"मरू दे तुह्या झाडाईले!"

कुरकुरत उठल्या. मी खाट दाराशी ओढली. जाळीला हात लावणार तोच – धाडकन! छताचं परातीएवढं प्लास्टर खाली आलं. जिथं मघाशी त्यांची उशी होती, बरोबर तिथं.

धूळ बसली. मग त्या म्हणाल्या, "बाई, झाडाईनं वाचवलं मले."

संध्याकाळी नवरा आला. "पानी मारून मारून तूच छत ढिलं केलं. कल सबेरे सब उखाड के फेक."

मी त्याला कोरडी भिंत दाखवली, छतातली गंजलेली सळई दाखवली. शेजारच्या काकू आल्या – "बहू, घर में कुछ है. पूजा करवा ले."

आणि बोलता बोलता बघतो तर काय... झाडं ताठ उभी! मी थेंबभर पाणी दिलं नव्हतं.

नर्सरीवाले म्हणाले, मुळं सडली असतील. सडलेली मुळं संध्याकाळपर्यंत बरी होतात? मग काय होतं ते? मला माहीत नाही. आजही नाही.

पण काकूंच्या पूजेला मी हो म्हटलं नाही, नवऱ्याच्या 'उखाड'लाही नाही. छताला नवं प्लास्टर केलं. परवा एक फर्न वाळलं, त्या खिशात लगेच दुसरं लावलं. ज्याला भीती वाटते, त्यानं दुसऱ्या खोलीत झोपावं.