तांब्यावरची राणी

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा चार ओळी लिहिल्या तर शिष्टपणा दिसेल, अशी भीती वाटते. तसे झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आम्ही कल्याणचे तांबट. वडील भांडी घडवीत आणि थोरला भाऊ त्यांवर नावे, वेलबुट्टी कोरी. त्या सुमारास सरकारने कागदी नोटा काढल्या होत्या आणि त्यांवर विलायतेच्या राणीची तसबीर असे. अशा तसबिरी धातूच्या पत्र्यावर कोरून मग छापतात, असे मी कॉलेजात ऐकले आणि मोठ्या उत्साहाने दादाला सांगितले. दादाने ठरवूनच टाकले की, नोटा कोरायची सरकारी नोकरी धरायची. इंग्रजी अर्ज मी लिहिला. सोबत नमुना म्हणून राणी कोरून द्यायची होती.

आमच्याकडे नोट कुठली? बाजारातले तांदळाचे शेटजी एक बाळगून होते, पण हातातून सोडीनात. दादा रोज त्यांच्या पायरीवर बसून ती पाहून यायचा. गाल म्हणजे नुसत्या बारीक रेघा. सावली पडते तिथे त्यांवर आडव्या रेघा. हळूहळू त्याला ते साधले.

वडील म्हणाले, "हुबेहूब वठली तर शिपाई धरून नेतील, नाही वठली तर नोकरी देणार नाहीत. मधलंच काहीतरी कोर."

आईची हरकत निराळी. राणीचा नवरा वारल्याचे तिला मीच सांगितले होते. "मग गळ्यात हार कशाला रे?" दादाने पत्रा मागून ठोकून, पुढून घासून हार घालवला. तो मुकुटालाही हात घालणार, तोच आई म्हणाली, "अरे, तो राहू दे. तो माहेरचा आहे."

अर्ज आणि राणीचा ठसा मी स्वतः मुंबईच्या कचेरीत देऊन आलो. उत्तर येईना. दादा मात्र नवे काम घेईना. "नोकरी लागली की अर्धवट राहील," म्हणे.

शेवटी शेटजींनीच आम्हाला बोलावून नवी नोट दाखवली. तिच्यावर राणीच नव्हती.

"खोट्या नोटा फार निघाल्या, म्हणून तसबीर काढून टाकली," ते म्हणाले. "आणि तुमचा अर्ज घेतला तरी कोणी? नोटा विलायतेत कोरतात, तिकडेच छापतात. इथे ते काम कधी नव्हतंच."



"म्हणजे इथे ते काम मिळालं," दादा म्हणाला, "फक्त खोट्या करणाऱ्यांना."