बोचक्यानं धरलेली जागा

आमच्या डोंगरकडा गावच्या रस्त्यावर खासगी मोटार चालायची तवाची रीत अशी, की जागेवर बोचकं ठेवलं म्हंजे माणूस बसल्यागतच. बोचक्याचा धनी आल्याबिगर डायवर हालायचा न्हाई. हैदराबादेत म्हणे लोक मोटारीमागं धावायचे. आमच्याकडं मोटारच लोकांची वाट बघायची. मग निजामाची सरकारी मोटार आली, घड्याळावर चालणारी. ते आमच्या टाळक्यात लवकर शिरलं न्हाई.

त्या उन्हाळ्यात माझी आठ महिन्यांची पोरगी हगवणीनं पार गळाली. डोळे खोल गेले, रडायला आवाज उरला न्हाई. नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मोटार येऊन थांबली आन् नेमकं तवाच पोरीनं पुन्हा माझं लुगडं भरवलं. आमचे मालक म्हणाले, "चल, आधी बसू." मी खेकसले, "अशीच बसू व्हय? बोचकं ठेवा जागेवर आन् मला पाणी आणून द्या. मोटार काय पळून चालली?"

बिचाऱ्यांनी ठेवलं. लिंबाखाली मी पोरीला पुसत व्हते, तवर भोंगा वाजला. बघते तर मोटार निघालीबी! मालक बादली टाकून धावले. "अवो थांबा, लेकरू हाय आमचं!" धुरळ्यात दिसेनासे झाले, आन् हात हालवत परत आले.

एका भल्या शेतकऱ्यानं हळदीची पोती उतरवून बैलगाडी दिली. दिवसभर पदराचं टोक भिजवून पोरीच्या ओठावर पिळत राहिले. अर्ध्या वाटेत तिनं गिळणंच सोडलं. "आता न्हाई उरत ही," मी म्हणाले. मालक खाली उतरून बैलांच्या बराबर पळू लागले, तेवढंच वझं कमी.

दिवेलागणीला दवाखाना गाठला. डॉक्टर आमच्यावर लई चिडले, पण रातभर पोरीपासून हालले न्हाईत. चौथ्या दिवशी ती दुधासाठी रडली. मीबी रडले.

घरी आलो तर सासूबाईंनी भावकीसमोर लेकाला धारेवर धरलं. "काहून रे, अक्कल गहाण टाकली व्हती? बोचकं ठेवून मोटार सोडली व्हय?"

मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "चुकलं माझं."

मी पोरीला पदराखाली घेतलं आन् गप बसले. सासूला भ्याले, खरं सांगते. पुढं पोरगी मोठी झाली, तीबी बापाला त्यावरनं चिडवायची, आन् ते हसून घ्यायचे. आता ते न्हाईत. बोचकं ठेवायला कुणी लावलं, ते पोरीला अजून ठाव न्हाई.