खाकी पँटचा मागचा जोड

आमच्या गल्लीतल्या केळीवाल्या चाचांना पोलिसानं मारलं. मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, एसटी स्टँडच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. बावीस वर्षं त्यांचा गाडा तिथंच लागतो. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण मंगळवेढ्याची बस तेव्हाच गेटातून बाहेर पडली आणि खिडकीत बसलेल्या एका कॉलेजच्या पोरीनं ते मोबाइलवर शूट केलं. अडतीस सेकंद. मग बस वळली.

त्या दिवशी कुणीतरी मोठा पाहुणा गावात यायचा होता, म्हणून बंदोबस्त. गाडे हलवा, असा हुकूम. चाचा म्हणाले, "हटातूं साब, इनके केले तौल के." आणि घरंगळलेलं वजन उचलायला ते गाड्याखाली वाकले. मागून काठी बसली. एक मानेखाली, दोन उजव्या दंडावर. चष्मा पडला, त्यावर बूट पडला. चष्म्याशिवाय चाचांना स्वतःचा तळहात दिसत नाही. त्यांना दिसली फक्त खाकी.

व्हिडिओतही तेवढंच. टोपी, पाठ, पट्टा, पँट, बूट. तोंड नाही, छातीवरची नावाची पट्टी नाही. त्या पोरीनं तर स्टेटसला टाकताना त्यावर रडकं गाणंही घातलं होतं. नशीब, मूळ व्हिडिओ तिनं पुसला नव्हता. तिला शोधून काढून मी तो मागून घेतला.

त्या चौकात चार शिपाई नेमले होते. चौघांनीही लिहून दिलं, मी पलीकडच्या कोपऱ्यावर होतो. एका चौकाला पलीकडचे कोपरे तरी किती असतात? अर्ज घेणारा कारकून मला म्हणाला, "ताई, पाठीवरून कुणाची ओळख पटते का? पंधरा दिवस वाट बघायची, मग अर्ज दफ्तरी दाखल." दफ्तरी दाखल म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

मी चिडले. चिडणं हाच माझा धंदा आहे. कॉलेजपासून पत्रकं लिहिते, आणि माझ्या पत्रकात दर दोन ओळींनी कुणाचा तरी धिक्कार असतो. चाचांच्या घरी जाऊन म्हणाले, "मोर्चा काढू. घेराव घालू. सोडायचं नाही!"

चाचा खाटेवर बसून होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

"मोर्चा नक्को बेटी," ते म्हणाले. "मेरेकू उसका नाम होना. बस."

"नाव घेऊन काय करणार?"

"अब्बी जो बी खाकी दिखती ना, मेरेकू वोइच लगता. नाक्यावरचा ट्राफिकवाला बी. शाळेतला वॉचमन बी! मैं गाडा कैसा लगाऊं?"

म्हणजे एकाच माणसाचं नाव न कळल्यामुळं चाचांना अख्ख्या शहरातल्या खाकीची धास्ती बसली होती, आणि बावीस वर्षांची जागाही सुटली होती. पंधरा दिवसांत नाव मिळालं नाही तर ती कायमचीच जाणार होती.

मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरांत ‘ही पाठ कुणाची?’, मधे व्हिडिओतला पाठमोरा फोटो मोठा करून, रंगीत, आणि खाली धिक्कार. पाचशे प्रती घरी आणून दारात टाकल्या.

आता अम्माबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात तेलुगू बोलतात. अम्माला तेलुगू वाचता येतं, मराठी नाही. ती युनिफॉर्म शिवणाऱ्या एका मास्तरांकडं काज-बटण आणि उसवून दुरुस्तीचं काम करते. सोलापुरात शिवलेले शाळांचे गणवेश कुठं कुठं जातात, पण मास्तरांचं दुकान पोलीस लाइनीजवळ, त्यामुळं त्यांच्याकडं मुख्यतः खाकीच. माझी पत्रकं अम्मा आनंदानं वापरते. शेंगा वाळत घालायला, डब्याच्या तळाला. मी कधी बोलले नाही. क्रांतीला डब्यापासून सुरुवात झाली तरी चालेल.

त्या संध्याकाळीही तिनं एक पत्रक ओढलं, त्यावर कडक भाकरीची चवड ठेवणार, तेवढ्यात थांबली. चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"अय्यो. इदि नादे."

"काय तुझं?"

"हे!" तिनं त्या पोलिसाच्या पार्श्वभागावर बोट ठेवलं. "हा जोड. मी लावलेला."

मी बघितलं. पट्ट्याच्या खाली, पँटच्या मधल्या शिवणीत, कापडाचा एक तिकोनी तुकडा होता. बाकीची पँट पिवळट, तो तुकडा जरा हिरवट. मी तो व्हिडिओ शंभरदा बघितला असेल, फोटो मोठा करून छापला असेल, तुकडा एकदाही दिसला नव्हता. मला दिसत होता तो अत्याचार. अम्माला शिवण दिसली.

"पोट सुटलं की पँट मागनं वाढवतात," अम्मा म्हणाली. "ह्याच्या कापडाचा तागा संपलेला. मी बोलले, साहेब, शेड जुळत नाही, चार दिवस थांबा. तर म्हटला, उद्या बंदोबस्त हाय मावशी, लाव कसला बी. मागनं कोण बघतंय?"

मी हसायला लागले ते थांबेना. अम्माही हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "नाव मला माहीत नाही. मास्तरांच्या वहीत असंल."

शिंप्याची मापाची वही तुम्ही बघितली असेल. एका गिऱ्हाइकाचं एक पान. नाव, मापं, आणि कोपऱ्यात टाचणीनं लावलेला कापडाचा तुकडा. दुरुस्ती केली की त्या जोडाचाही तुकडा टोचायचा, ही आमच्या मास्तरांची पद्धत. पाच मिनिटांचं काम, असं समजून मी सकाळीच दुकानात गेले. मास्तर अक्कलकोटकडचे, घरी कानडी. माप घेताना आकडे अजून कानडीतच पुटपुटतात आणि लिहितात मराठीत.

"मास्तर, वही द्या," मी म्हणाले.

"न्हाय."

"अहो, एका गरिबाला मारलंय!"

"ऐकलं. लई वाईट झालं. वही न्हाय."

"का? पोलिसांना घाबरता?"

मशीन थांबलं. मास्तर चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "यव्वा, ह्या गावात निम्म्यांची पोटं मला ठाऊक हायती. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाचा एक पाय आखूड हाय. आजवर कुणाला सांगितलं का? माप भायेर गेलं की शिंपी मेला."

मी तिथंच भाषण ठोकलं. गुप्ततेच्या आडून अन्याय पोसला जातो वगैरे. दोन गिऱ्हाइकं उठून गेली. मास्तर म्हणाले, "झालं? आता जरा त्या दोऱ्यावरनं बाजूला हो, पायात अडकतोय." आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मी घरी येऊन अम्माला म्हणाले, तुझा मास्तर भित्रा आहे. अम्मा म्हणाली, "तू त्याला पत्रक वाचून दाखवलंस. त्याला माणूस दाखव."

दुसऱ्या दिवशी तीच चाचांना घेऊन दुकानात गेली. कारण साधं: काठीनं शर्ट खांद्यात फाटला होता, नवीन शिवायचा. मी मागून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढला. छाती घेतली, उंची घेतली. दंड घेताना ते दोन्ही घेतात, देवानं कुणाचेच सारखे केलेले नाहीत म्हणून. डावा दंड: "हन्नोंदु." अकरा. लिहिलं. उजव्या दंडाला टेप लावला तशी चाचांनी मान फिरवली. टेप पुरा फिरला. मास्तरांनी एकदा बघितलं, पुन्हा सैल करून घेतला.

"हदिमूरु," ते हळूच म्हणाले. तेरा.

आठ दिवस झाले होते आणि सूज दोन इंच होती.

"वर करा हात."

"नै होता मास्तर."

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. तेरा लिहिलंच नाही. "असलं माप मी वहीत घेत न्हाय," ते म्हणाले. "हे तुमचं माप न्हाय चाचा. हे दुसऱ्यानं दिलेलं हाय."

मग त्यांनी ड्रॉवरमधून जुनी वही काढली, पानं उलटली, एका पानावर उघडी टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या.

"मी चहाला चाललो. मी कुणाला काय बी सांगितलेलं न्हाय. कंबर वाचू नको फक्त."

कोपऱ्यात दोन तुकडे शेजारी टोचलेले. एक पिवळट, एक हिरवट. वर नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण चौकशी अजून संपलेली नाही आणि ती बिघडवायची नाही. पण त्या दिवशी ते मी मोठ्यांदा वाचलं. चाचांनी दोनदा म्हणून बघितलं, नवीन घास तोंडात फिरवल्यासारखं.

ते नाव आणि फोटो अर्जाला जोडून मी वरच्या ऑफिसात दिला, तेव्हा कुठं चौकशी लागली. चौकशी करणाऱ्या अधिकारी मॅडम बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चौघांनाही रोजच्या गणवेशात बोलावलं. मास्तरांनाही वहीसकट बोलावणं गेलं, ते आले. वाटेत मला म्हणाले होते, "आपण होऊन सांगायचं न्हाय, पण सरकारनं विचारलं तर खोटं बोलायचं न्हाय. दोन्ही पाळता येतंय." अम्मा ठेवणीतली इरकल नेसून आली, लग्नाला निघाल्यासारखी. चाचांना आदल्या दिवशी नवीन चष्मा मिळाला होता.

चौघं ओळीनं उभे. मास्तर म्हणाले, "मॅडम, जरा फिरवता का समद्यांना?"

"म्हणजे?"

"तोंड भिंतीकडं. आमाला तोंडाचं काय कळत न्हाय."

मॅडमनी मान हलवली. चौघं वळले. आणि तिसऱ्याच्या पट्ट्याखाली, पंख्याच्या वाऱ्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात, हिरवट तिकोन! त्यानं तीच पँट घातली होती. का नाही घालणार? माणसाला स्वतःची पाठ थोडीच दिसते.

अम्मा पुढं झाली. वहीतला तुकडा जोडाशेजारी धरला, हात न लावता. व्हिडिओतला फोटो मॅडमच्या हातात होताच.

"जोड केवढा लावला?" मॅडमनी विचारलं.

"पावणेदोन इंच."

"आणि कंबर?"

"ते सांगनार न्हाय मॅडम," मास्तर म्हणाले. "ते गिऱ्हाइकाचं हाय."

दुसऱ्या क्रमांकाच्या शिपायाचे खांदे हलायला लागले. मग पहिल्याचे. तिसरा भिंतीकडं बघत म्हणाला, "एवढ्यावरनं काय सिद्ध होतंय?" तेव्हा अम्मा शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमीच म्हटला होता की. मागनं कोण बघतंय?"

मॅडमनी फाईल तोंडापुढं धरली. फाईलमागं काय झालं मला माहीत नाही, पण फाईल हलत होती. ती खाली आली तेव्हा मात्र चेहरा दगडासारखा होता. त्यांनी बाकीच्या तिघांना विचारलं, आता नीट आठवून सांगा, कोण कुठं होतं. तिघांनाही एकदम सगळे कोपरे आठवले. महिन्याभरात तो निलंबित झाला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. विभागीय चौकशी चालू आहे.

पण मला आठवतं ते त्याच दिवसाचं. निघताना चाचा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. चष्मा सारखा केला आणि तोंड नीट बघून घेतलं.

"अच्छा," म्हणाले. "ये है."

बस, एवढंच. मग ते बाकीच्या तिघांकडं वळले, डावा हात छातीवर ठेवला. "तुम लोगां नै थे. माफ करना भाई, बारा दिनसे तुमसे खाली-फुकट डर रहा था."

खोटं लिहून देणारे ते तिघं. चाचांनी माफी मागितली आणि माना त्यांच्या खाली गेल्या. मी पाच वर्षं पत्रकं लिहितेय, असं एका वाक्यात कधी जमलं नाही.

पुढच्या मंगळवारी गाडा लिंबाखाली लागला. गाडा ढकलायला चाचांचा उजवा हात अजून कामाचा नव्हता, म्हणून एका बाजूनं मी, एका बाजूनं मास्तर. बाजाराच्या दिवशी मास्तरांचं दुकान बंद, हे मी पहिल्यांदा बघितलं. चाचा नव्या शर्टात, दोन्ही बाह्या सारख्या. साडेदहाला ट्राफिकवाला आला. चाचांनी त्याच्याकडं सरळ बघितलं आणि ओरडले, "साब, केले? जेऊरका माल है, शक्कर!" त्यानं अर्धा डझन घेतली. अम्मानं त्याची पाठ बघून घेतली आणि मला म्हणाली, "ह्याची शिवण चांगली हाय."

मास्तरांचं पोलीस गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती. झालं उलटंच. आठवड्याभरात चार शिपाई पँटी घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, जोड लावा, पण शेड जुळवून लावा बरं का."

हे सगळं अडतीस सेकंदांमुळं घडलं, पण नुसत्या अडतीस सेकंदांनी घडलं नाही. तो व्हिडिओ किती लोकांनी बघितला, रडके चेहरे टाकले आणि पुढं सरकले. त्याच बसमध्ये आणखी मोबाइलही होते, वर धरलेले. ते व्हिडिओ कुठं आहेत?

म्हणून आता तुम्हाला सांगते. हे पान मिटा आणि मोबाइल उघडा. तुमच्याकडं असं काही पडून असेल, हललेलं, अर्धवट, नुसती पाठ दिसणारं, तर पुसू नका. त्यावर गाणं घालू नका. ज्याला मारलं त्याचं घर शोधा, दार वाजवा, आणि ते त्याच्या हातात द्या. आजच.