त्र्याण्णव, पण टक्के नव्हेत

"त्र्याण्णव टक्के घेतले पोट्टीनं, अन् तिले जबलपूर देऊन राह्यले! काहून?"

राजेगावचे नत्थूभाऊ माझ्या टेबलावर हात आपटून विचारत होते. शेजारी त्यांची मुलगी प्रणाली मान खाली घालून उभी. तिला जबलपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली होती. घ्यायची की सोडायची, ते त्याच संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. नत्थूभाऊ सोडायला निघाले होते. त्यांना देशातलं एक नंबरचं कॉलेज हवं होतं.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. हा घोळ आमचाच. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत प्रणालीला मिळाले होते त्र्याण्णव पर्सेंटाइल. आमच्या डायरेक्टर सरांनी फ्लेक्सवर त्याचं 'पर्सेंट' केलं. "जगह कम थी, मॅडम." जागा त्यांच्या स्वतःच्या फोटोनं खाल्ली होती.

"भाऊ, हे टक्के नाहीत," मी म्हटलं. "परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते. एका शिफ्टला पेपर सोपा, दुसरीला अवघड. मग नुसते मार्क कसे तोलणार? म्हणून बघतात, त्याच शिफ्टमधल्या शंभरातल्या किती जणांना हिच्याइतके किंवा कमी मार्क पडले. त्र्याण्णव जणांना. ते पर्सेंटाइल."

सर मागून खाकरले. "इतना डिटेल क्यों, मॅडम?"

"मंग खरे मार्क किती?" नत्थूभाऊ.

"निम्म्याहून कमी," प्रणाली पुटपुटली.

"निम्मे बी नाही? म्हंजे फेल?" त्यांनी प्रणालीचा हात धरला. "चाल घरी. गोंदियाले बी. ए. कर."

आत्तापर्यंत जबलपूर लहान पडत होतं. आता एकदम फार मोठं झालं.

"फेल नाही हो. पेपर अवघड होता, सगळ्यांनाच कमी पडले. पोरगी पुष्कळांच्या पुढं आहे."

"मंग हिच्या पुढं सातच ना? सातजनांले तं कुठंबी जागा भेटन!"

"वही तो!" सर खूश.

"सर, परीक्षेला लाखो बसतात. दर शंभराला सात धरा. हजारो पोरं झाली. एका कॉलेजात मावतील?"

सरांनी चहा मागवला.

तेवढ्यात प्रणाली बोलली. "बाबा, मले कॉम्प्युटर ब्रँच भेटली. मले तेच पायजे होतं."

नत्थूभाऊ तिच्याकडे वळले. "तुले जबलपूरले जायचं हाय?"

"हौ."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"कवा सांगू? तुमी पेढे वाटून राह्यले होते."

माझ्याच कॉम्प्युटरवर तिनं सीट घेतली. नत्थूभाऊंनी तिच्या खांद्यावरून वाकून स्क्रीनवरचं तिचं नाव दोनदा वाचलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि मेसच्या भाजीला शिव्या देते, म्हणजे बरी रुळली आहे.

गणिताच्या बाईनं हे बोलू नये, पण बोलते. हल्ली कोणी निकाल घेऊन आलं की मी आकडा नंतर समजावते. आधी मुलीला विचारते, तुला काय हवंय? निम्म्या बापांनी ते कधी विचारलेलंच नसतं.