ती काठी माझी होती

गंगापूर धरणाच्या कडेला मला गळ टाकताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना माझ्या हातातली मधाच्या रंगाची फायबरग्लासची काठी आठवत असेल. कुठून आणली असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "परदेशातल्या एका ओळखीच्या माणसानं पाठवली." दहा-अकरा वर्षं मी हेच सांगत आलो. ते खोटं आहे. काठी नाशिकजवळ सातपूरला बनली, आमच्याच कारखान्यात. ज्यानं ती बनवली त्याची नोकरी तिच्यापायी गेली, आणि त्या वेळी मी गप्प बसलो. माझी बायको जाईपर्यंत तिलाही मी हे सांगितलं नाही. आता सांगतो.

आमचा कारखाना फायबरग्लासच्या टाक्या आणि पाइप बनवायचा. मी तिथं सुपरवायझर होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काचेचा धागा गुंडाळून पाइप बनवायचं नवं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला एक परदेशी तंत्रज्ञ दीड महिना राहिला. त्याच्या सामानात एक दोन तुकड्यांची काठी होती. सुट्टीच्या दिवशी तो मला म्हणाला, जवळ पाणी असेल तर दाखव. मी त्याला धरणावर नेलं.

तोवर मी लहानपणापासून बांबूच्या गळानंच मासे पकडले होते. गांडूळ लावायचं, बूच पाण्यावर सोडायचं, वाट बघायची. त्याचं वेगळंच होतं. गळाला पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी. तिला वजन नाही, म्हणून ती फेकता येत नाही. वजन असतं जाड दोरीत, आणि ती दोरी हवेत मागं-पुढं खेळवून लांब सोडायचं काम काठीचं. त्याच्या गावी नदी समुद्राला मिळते, तिथं अंगावर काळ्या रेघा असलेले चंदेरी मासे येतात म्हणे. पट्टेरी बास. त्यातले मोठे हातभराहून लांब असतात, पण तो लहानांच्याच मागं असायचा. त्याचे मित्र कार्बनच्या नव्या कडक काठ्या वापरायचे. हा मात्र जुनी फायबरग्लासची सोडायला तयार नव्हता. कडक काठीवर लहान मासा लागला तर तो ओढून आणता येतो, पण तो लागल्याचं हाताला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं मला काठी दिली. एक चिलापी लागली, तळहाताएवढी. ती पाण्यात वळली ते मला कोपरापर्यंत कळलं.

तो गेला, काठी घेऊन गेला. मला चैन पडेना.

मोल्डिंग विभागात पेठ तालुक्यातला एक कामगार होता, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर एकही सुरकुती न पडू देता गुंडाळावं ते त्यानंच. मी त्याला विचारलं, निमुळत्या सळईवर अशी काठी होईल का. तो हसला. "साहेब, आपन टाक्या बनवतो. काठीला काय, टाकीचं पिल्लू."

तीन काठ्या केल्या. कापलेल्या कापडाच्या उरलेल्या पट्ट्या, डब्याच्या तळाला राहिलेलं, कापड कडक करणारं रेझिन. पहिल्या काठीला कापडाचे चार वेढे, दुसरीला तीन, तिसरीला दोनच. ओव्हनमध्ये पाइप भाजायचे तेव्हा एका कोपऱ्यात त्याही भाजल्या. वेल्डिंगच्या तारेच्या कड्या वाकवून त्यानं दोरीसाठी बांधल्या. मग जेवणाच्या सुट्टीत कारखान्यामागच्या, आग विझवण्यासाठी बांधलेल्या हौदावर आम्ही निवड करायला बसलो.

मी चार वेढ्यांची उचलली. "हीच. हिच्यात दम आहे."

"मासा केवढा धरायचाय?"

मी वीत दाखवली.

"वीतभर मासा आन् म्हैस बांधायचा खुंटा!" तो म्हणाला. "डोळे मिटा साहेब. मूठ धरा नुसती."

मी जाड काठीची मूठ धरली. तो टोकाशी काहीतरी करत होता.

"काय कळलं?"

"काही नाही."

मधल्या काठीवरही काही कळलं नाही. तिसरी हातात दिली तेव्हा म्हणालो, "टोकाला बोट लावलंस."

"बोट नाय लावलं. फुंकर मारली." तो खूश होता. "आमच्याकडं गळाला बांबू असाच निवडत्यात. दिसायला जाड म्हनून नाय घेत कोनी."

मग त्यानं मला दुसरं दाखवलं. काठीला दोरी लावून टोकाला एक नट बांधला आणि हौदात सोडला. नट वर उचलताना चार वेढ्यांची काठी फक्त शेंड्याला वाकली. दोन वेढ्यांची थेट मुठीपर्यंत वाकली आणि परत येताना तिला घाई नव्हती. "हिच्यानं मासा बी दमतो, तोंड बी फाटत नाय," तो म्हणाला. "पन झटका द्यायचा नाय. थांबायचं. तुमाला थांबाया जमंल का?" अर्धी चेष्टा होती, अर्धी शिकवण. माझ्या हाताखालचा माणूस मला शिकवत होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. दोन वेढ्यांची ठरली.

काठी बाहेर न्यायची तर गेटपास लागायचा. भंगार म्हणून पास लिहायचा अधिकार मला होता. पण पासावर वस्तू लिहावी लागे, आणि खाली प्रॉडक्शन मॅनेजरची सही. कंपनीच्या ओव्हनमध्ये मासे धरायची काठी भाजली, हे त्यांना सांगायला मी धजेना. त्या दिवसांत तांब्याच्या तारा चोरीला गेल्या होत्या आणि वरपासून खालपर्यंत सगळे संशयात होते. मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी त्याला म्हणालो, "तू घेऊन जा. गेटवर विचारलं तर माझं नाव सांग."

शिफ्ट सुटली. मी प्रॉडक्शन मॅनेजरच्या केबिनमध्ये होतो. फोन वाजला, त्यांनी उचलला आणि माझ्याकडं दिला. पलीकडं गेटवरचा वॉचमन.

"साहेब, मोल्डिंगचा मानूस काठी घेऊन चाललाय. पास नाही. तुमची काठी हाय म्हनतोय."

मॅनेजर माझ्या तोंडाकडं बघत होते.

"माझी?" मी म्हणालो. "नाही. मला काही माहिती नाही."

एवढंच बोललो. फोन ठेवल्यावर मॅनेजरनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, गेटवर काहीतरी सापडलंय वाटतं. मग आम्ही पुढच्या आठवड्याच्या कामाचं बोललो. खाली उतरायला जिना होता, गेट दीडशे पावलांवर होतं. मी गेलो नाही.

चौकशी झाली. पर्सोनेल ऑफिसर, मॅनेजर, मी, समोर तो उभा. काठी टेबलावर. पर्सोनेल ऑफिसरनी विचारलं, "ही कोणाची?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी उत्तर देईन म्हणून तो वाट बघत होता. मी समोरच्या फायलीची नाडी बोटाला गुंडाळत बसलो. बराच वेळ गेला असेल, कारण बाहेर कॅन्टीनची घंटा झाली.

"माझीच हाय," तो म्हणाला.

त्याला काढून टाकलं. तांब्याच्या तारांबद्दल कुणी शब्द काढला नाही, पण काढायची गरजही नव्हती. चोर सापडला असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं.

दोन-तीन महिन्यांनी पर्सोनेल ऑफिसरनी मला बोलावलं. काठी त्यांच्या कपाटामागं धूळ खात होती. "तुम्हाला मासे पकडायचा नाद आहे ना? घेऊन जा ही." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गेटपास लिहून दिला. मी ती नेली.

ती फेकून दिली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ती वापरली. काठी उत्तम होती. लहान चिलापी, कधी एखादी मरळ, सगळं हाताला कळायचं. फक्त मी धरणाच्या नेहमीच्या कडेला बसेनासा झालो. तिथं कंपनीतली मंडळी डबे घेऊन यायची, हाका मारायची. मी धरणाच्या भिंतीपासून लांब, चालत अर्धा तास लागायचा अशा काठाला जायचो. सकाळी जायचो, दुपारी परतायचो. कित्येकदा दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. बरोबर येतो असं दोघा-तिघांनी म्हटलं, मी काहीतरी कारण सांगितलं. माणूस जवळ बसला की काठीबद्दल विचारतो. कालांतरानं कुणी विचारेनासं झालं, आणि ते मीच मिळवलं होतं.

निवृत्तीनंतर, दोन हजार सालाच्या पुढं कधीतरी, मी पेठची एस.टी. धरली. त्याचं गाव माहीत होतं. काठी कापडात गुंडाळून बरोबर घेतली होती. तो नागलीच्या शेतात होता. केस पिकले होते, पण चालण्यावरून ओळखला. मला बघून तो थांबला, मग बायकोला हाक मारून म्हणाला, "कंपनीतलं साहेब आलंत, चहा ठेव."

तिनं कोरा चहा दिला. भाऊ, भावजय, शेजारचे दोघे येऊन बसले. घरात असा पाहुणा कधी आला नसावा. मी घरून शब्द जुळवून आलो होतो. घसा साफ केला आणि म्हणालो, "मी आज इथं सगळ्यांसमोर..."

"साहेबांना वढा दाखवून आनतो," तो एकदम उठला.

ओढ्याशी आल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं, कुणी येत नाही ना. "काय बोलनार होतात?"

"खरं काय ते. तू चोर नव्हतास."

"इथं मला चोर कोन म्हनतंय?" तो म्हणाला. "मी घरी सांगितलं, रेझिनच्या वासानं छाती भरती, सोडली नोकरी. आजवर तेच चाललंय. तुमी आता बोलला, तर ह्यांना पहिल्यांदा कळंल की मला चोरीसाठी हाकललं."

मी दगडावर बसलो. विचारलं, "त्या दिवशी तू माझं नाव परत का नाही घेतलंस?"

"तुमी नाय म्हनलात ना. साहेब नाय म्हनल्यावर माझं 'हाय' कोन ऐकनार?" आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी कापड सोडून काठी पुढं केली. त्यानं ती हातात घेतली, एकदा वाकवून बघितली आणि परत दिली. "घरात ठेवली तर कुटली म्हनून विचारतील. तुमी असं करा साहेब. जिथं चोर म्हनलं, तिथं सांगा."

कारखाना तोवर विकला गेला होता. नव्या मालकाला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. उरलं होतं निवृत्त लोकांचं वार्षिक स्नेहभोजन. मी तिथं कधी जात नसे. त्या वर्षी गेलो. जेवणाआधी प्रत्येक जण माइकवर दोन शब्द बोलतो, विनोद सांगतो. माझी पाळी आली तेव्हा मी काठीची हकीकत सांगितली, आत्ता लिहिली तेवढीच. त्याचं नाव घेतलं. माझंही घेतलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "कोण? तो तारा चोरणारा?"

"त्यानं काहीही चोरलं नाही," मी म्हणालो. "काठी माझी होती. मी खोटं बोललो."

पर्सोनेल ऑफिसर, आता बरेच थकलेले, म्हणाले, "अहो, तेव्हा बोलायचं होतंत." दुसरे कुणी म्हणाले, "जाऊ द्या हो, पुऱ्या गार होतील." पंगत बसली. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

जेवण निम्मं झालं असेल, तेव्हा गेटवरचा तो वॉचमन ताट घेऊन शेजारी येऊन बसला. बराच म्हातारा झाला होता. खाता खाता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुमी नाही म्हनल्यावर तो मला म्हनत होता, फोन परत लावा, साहेबांना नीट ऐकू आलं नसंल. चार वेळा म्हनला. मी काही लावला नाही."

मी त्याला सांगितलं, मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.